जुन्या साड्यांचं कपाट: गोधडीवाली, बोहारीण, जरीवाला आणि बाकीचे, कोणाकडे काय द्यावं?

घर आवरायला काढलं की भांडी, पुस्तकं, खेळणी यांचा निकाल तासाभरात लागतो. साड्यांचा लागत नाही. सकाळी पलंगावर काढलेला ढीग संध्याकाळी जसाच्या तसा कपाटात परत जातो, फक्त घड्या नव्या. याचं कारण बहुतेक घरांत एकच असतं. साडी कोणाला द्यायची यावर आधी चर्चा होते, ती कशाची आहे हे कोणी बघत नाही. आधी कापड ओळखलं तर गिऱ्हाईक आपोआप ठरतं. खाली पुण्या-मुंबईत आणि आसपास ज्या सेवा मिळतात त्यांचं परीक्षण याच हिशेबाने केलं आहे.

कापड ओळखायला पदराच्या टोकाचे दोन इंचाचे धागे पुरतात. एक उभा आणि एक आडवा काढा, कारण ताणा एकाचा आणि बाणा दुसऱ्याचा असलेल्या साड्या भरपूर आहेत. धागा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवा, शेजारी पाणी ठेवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ करडी राख सोडतो. रेशमाला केस जळल्याचा वास येतो, ज्योत बाजूला केली की ते विझतं आणि उरलेला काळा मणी बोटांनी चुरडतो. पॉलिस्टर, नायलॉन आक्रसतं, वितळतं आणि टणक मणी उरतो, तो चुरडत नाही. एक फसवणूक मात्र या परीक्षेत सापडत नाही. व्हिस्कोस, म्हणजे रेयॉन, सुतासारखंच जळतं. त्यासाठी धागा ओला करून ओढा. सूत ओलं झालं की जास्त चिवट होतं, रेयॉन ओलं झालं की पटकन तुटतं. गोधडीच्या दृष्टीने हा फरक फार मोलाचा आहे, कारण गोधडी फाटते ती पांघरताना नाही, धुताना.

आता सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, गोधडी.

कोणी गोधडी म्हणतं, कोणी वाकळ, कोणी लेपाटं. शिवून देणारे दोन प्रकारचे: हातशिलाई करणाऱ्या बायका आणि मशीनवर शिवणारे. बचत गटांमार्फत हातशिलाईचं काम मिळतं. पुण्याची भीमथडी जत्रा, मुंबईचं महालक्ष्मी सरस अशा प्रदर्शनांत तयार माल हातात घेऊन बघता येतो. टाका कसा असावा याची नजर तिथे तयार करून मग आपल्या साड्या द्याव्यात, हे बरं.

किती साड्या लागतात याबद्दल घरोघरी चुकीचे अंदाज असतात. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि ४४-४५ इंच पन्ह्याची. तिचे ७२ इंचांचे तीन तुकडे पडतात. म्हणजे एकट्याच्या, पावणेचार फूट बाय सहा फुटांच्या गोधडीला एका साडीत तीन थर निघतात. उन्हाळ्याला तेवढे बास. थंडीसाठी दोन साड्या, सहा थर. डबल पलंगाची साडेसात फूट चौरस गोधडी हवी असेल तर एका थराला दोन पन्हे जोडावे लागतात, त्यात ४.६ मीटर जातात, म्हणून एक साडी म्हणजे एक थर. पाच थरांना पाच साड्या, आणि प्रत्येकीतून उरलेला जवळजवळ ९० सेंटीमीटरचा तुकडा गोटाला. साड्या भरपूर आहेत म्हणून आठ-दहा थर घालून घेणाऱ्यांची गोधडी पहिल्या धुण्यातच अडते. सुई नीट आरपार जात नाही, पिळता येत नाही, आत ओल राहते आणि दोन दिवसांत कुबट वास धरते. डबलसाठी पाचाच्या वर जाऊ नये. पाच सुती साड्यांचं वजन सव्वादोन-अडीच किलो होतं आणि भिजल्यावर ते दुपटीहून जास्त.

हातशिलाई महाग का, याचं उत्तर मोजपट्टीने मिळतं. साडेसात फूट चौरसात दीड-दीड इंचावर धावदोऱ्याच्या ओळी घातल्या तर साठ ओळी होतात. एकेक ओळ ९० इंचांची. एकूण टाका सुमारे १३७ मीटर, आणि दुहेरी दोऱ्याने शिवलं तर दोरा जवळजवळ ३०० मीटर. ओळी एक-एक इंचावर आणल्या तर टाका २०० मीटरच्या पुढे जातो. एवढं काम एका हाताने होतं, दुपारच्या फावल्या वेळात. त्यामुळे ‘आठ दिवसांत हाताची डबल गोधडी’ असं कोणी सांगितलं तर ती बहुधा मशीनवर जाणार आहे असं समजावं.

मशीनची शिलाई वाईटच, असं नाही. तिची अडचण वेगळी आहे. मशीनचे दात खालचा थर पुढे ओढतात, वरचा थर दाबपट्टीखाली मागे राहतो आणि पाच थर असले की गोधडीच्या कडेला वरचं कापड दोन-तीन इंच सरकलेलं दिसतं. शिवाय बारीक टाक्याने जुन्या, विरत आलेल्या कापडाला भोकांची रांग पडते आणि ते तिकिटासारखं फाटतं. मशीनवालाच गाठायचा असेल तर दोन गोष्टी ठरवून घ्या: टाका मोठ्यात मोठा लावायचा, आणि आधी कच्चा टाका घालायचा. त्या अटींवर पॉलिस्टर-मिश्र, अजून दणकट असलेल्या साड्यांची रोजच्या वापराची गोधडी मशीनवर चांगली होते. आईची किंवा आजीची मऊ सुती साडी मात्र हाताच्या टाक्यालाच द्यावी.

साड्या देण्याआधी घरी करायचं काम बरंच आहे आणि ते टाळलं की दोष शिवणारीच्या माथी येतो. फॉल उसवायचा. तो साडीपेक्षा वेगळ्या प्रमाणात आटतो आणि त्या जागी गोधडी कायम चुरगळलेली राहते. खळ पूर्ण जाईपर्यंत धुवायची, रात्रभर भिजवून. खळ आत राहिली तर झुरळ आणि कसर दोन्ही येतात. जरीचा काठ-पदर कापून वेगळा ठेवायचा, कारण जर टोचते आणि शेजारचं सूत कापते. मग साडी उजेडासमोर धरून बघायची. घडीवर जिथे चांदण्या दिसतात तिथे ती विरली आहे. दोन्ही अंगठ्यांनी वीतभर अंतरावर धरून हिसका द्या. चर्र आवाज आला तर ती साडी आतल्या थराला, आणि अशी विरलेली एकाच गोधडीत दोनांहून जास्त नको. सगळे आतले थर विरलेले असले की दोन वर्षांत त्यांचे गोळे होतात. वरच्या-खालच्या तोंडाला दणकट साड्या हव्यात. पण कोरी किंवा एकदाच नेसलेली साडी लावायची तर आधी दोन-तीनदा धुऊन आटवून घ्यावी, नाहीतर ती पुढे आटते आणि जुन्या थरांना सुरकुत्या पाडते.

रंगाची परीक्षा वेगळी. ओल्या पांढऱ्या कापडावर साडीचा कोपरा ठेवून इस्त्री फिरवा. डाग आला तर ती साडी हलक्या रंगाच्या शेजारी घालायची नाही. लाल-मरून आणि गडद निळा यांच्यावर विशेष नजर ठेवा. मीठ किंवा व्हिनेगरमध्ये भिजवलं की रंग पक्का होतो, हे सगळेच सांगतात. बाजारातल्या रंगवलेल्या कापडावर त्याचा उपयोग होत नाही. थंड पाण्यात पाणी स्वच्छ येईपर्यंत धुणं एवढाच इलाज.

शिवणारीशी बोलताना पाच गोष्टी आधीच स्पष्ट करून घ्याव्यात: किती थर, ओळींतलं अंतर, दोरा कोणता, शिलाईचा दर फुटावर की अख्ख्या गोधडीवर, आणि उरलेलं कापड कोणाचं. ओळींत दोन बोटांचं अंतर उत्तम. चार बोटं झालं की धुताना आतलं कापड सरकून एका जागी गोळा होतं. दोरा सुतीच सांगा. पॉलिस्टरचा दोरा तुटत नाही हे खरं, पण म्हणूनच तो जुन्या सुताला कापत जातो. थर एक उभा, एक आडवा असे पसरून, कोपऱ्यांवर वजन ठेवून, वीत-वीतभर अंतरावर कच्चा टाका घातला पाहिजे. आपल्याकडे बहुतेक जणी कडेने सुरू करून चौकोनी फेऱ्यांनी आत येतात. कच्चा टाका नसेल तर या पद्धतीत जास्तीचं कापड ढकललं जाऊन मध्यावर फुगा येतो, आणि मग तो चुण्या घालून दाबला जातो. मापही तीन-चार इंच वाढवून सांगावं, कारण हाताचा टाका कापड आत ओढतो.

एक गैरप्रकार लक्षात ठेवण्यासारखा आहे. काही ठिकाणी वरच्या-खालच्या तोंडाला आपल्या साड्या लावतात आणि आत चिंध्या, जुनी ब्लँकेटं किंवा फायबर भरतात. चांगल्या साड्या बाजूला निघतात. त्यावर साधा उपाय म्हणजे प्रत्येक साडीच्या एका कडेला वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचे चार टाके घालून फोटो काढून ठेवणं, आणि गोट लावण्याआधी गोधडी एकदा बघायला मागणं. कडेला थर मोजता येतात. प्रामाणिक शिवणारी याला हरकत घेत नाही.

ताब्यात घेताना गोधडी उजेडासमोर धरा, गोळे आणि सुरकुत्या दिसतील. मग चिमटीत धरून वरचा आणि खालचा थर एकमेकांवर चोळा. दोन ओळींच्या मध्ये किंचित हालचाल चालेल, ओळीवर अजिबात नको. उलटी करून बघा, सगळे टाके पलीकडे आले आहेत का. घाईच्या कामात सुई वरचे तीन थरच पकडते आणि खालची साडी झोळीसारखी लोंबते. गाठी आत दडवलेल्या असाव्यात.

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायकाही जुन्या कपड्यांची अशीच कवंदी शिवतात, कडेकडून आत. तिच्या चारही कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांचं त्रिकोणी फूल असतं. कोपरा सगळ्यात आधी झिजतो, म्हणून तिथे चार घड्या जास्त असणं हे नुसतं नटवणं नाही. आपल्याकडच्या शिवणारीला कोपऱ्यावर दुहेरी तुकडा लावायला सांगितलं तरी तेच काम होतं, आणि सहसा ती वेगळे पैसे मागत नाही.

सगळ्यात मऊ झालेली, पाण्यासारखी सुती साडी मात्र गोधडीत घालवू नये. बाळंतविड्याला तिच्यासारखं कापड विकत मिळत नाही. एका सहावारीत मीटर-मीटरची चार दुहेरी दुपटी तर निघत नाहीत, पण दोन दुहेरी दुपटी आणि उरलेल्या दीड मीटरात लंगोट नक्की निघतात. शिलाई कडेची तेवढीच, आणि तीही आतून नको, बाहेरून, म्हणजे बाळाला टोचत नाही.

बोहारीण. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी ही बाई अजूनही दारावर येते, पण सोसायटीचे पहारेकरी तिला आत सोडत नाहीत म्हणून कमी दिसते. बोहारणी बऱ्याचशा मूळच्या गुजरातेतल्या वाघरी समाजाच्या. या सेवेबद्दल मध्यमवर्गीय घरांत कुरकुर फार असते, ‘दहा साड्या घेतल्या आणि एवढंसं पातेलं दिलं’ वगैरे. तिचं काम एकदा बघितलं पाहिजे. घेतलेला प्रत्येक कपडा ती निवडते, धुते, उसवलेलं शिवते, बटणं लावते, इस्त्री करते आणि जुन्या कपड्यांच्या बाजारात विकते. दिल्लीत रघुबीर नगरला पहाटे भरणारा घोडा मंडीचा बाजार याच धंद्यावर उभा आहे. जे विकलं जात नाही ते पुसायच्या चिंध्यांत जातं. लोकरीचे कपडे असतील तर पानिपतपर्यंत पोहोचतात, तिथे ते पिंजून त्यांचा पुन्हा धागा आणि ब्लँकेटं होतात. कपड्याचा जीव वाढवणारी इतकी जुनी आणि इतकी व्यवस्थित साखळी दुसरी नाही. कपड्याच्या पुनर्वापरावर व्याख्यानं देणाऱ्यांनी तिला फाटकावरून आत घ्यायला सांगितलं तरी खूप झालं.

तिच्याशी व्यवहार करताना आधी भांडं ठरवा, मग कपडे काढा. भांडं हातात घेऊन काठावरून बोट फिरवा, धार लागली तर पत्रा पातळ आहे. बुडावर अंगठा दाबा, टक् करून आत गेलं तर घेऊ नका. चुंबक चिकटतो का, यावर फार विसंबू नये. चांगल्या प्रतीच्या स्टीलला तो चिकटत नाही हे खरं, पण स्वस्तातल्या काही स्टीललाही चिकटत नाही. सगळे कपडे एकदम समोर ठेवले तर ती वरचे चार चांगले धरून बोलते आणि बाकीचे फुकट मागते. म्हणून दोन बऱ्या, एक साधी अशा जोडीने काढावेत. तिला काय चालतं? जीन्स, पँट, धड शर्ट, चमकीची आणि सिंथेटिक साडी. विरलेल्या सुती साडीला ती काहीच देत नाही, आणि ते बरोबरच आहे, ती विकली जात नाही. त्या साडीची जागा गोधडीत. दोन्हीकडची आवडनिवड अशी बरोबर उलटी असल्यामुळे एकाच कपाटाला दोघी लागतात.

रेशमी साड्यांचं प्रकरण जरा सांभाळून हाताळायचं. जुन्या रेशमाचा शत्रू म्हणजे घडी. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेली साडी तिथेच चिरते, आणि जरीच्या पट्ट्यापाशी आधी. शिंप्याकडे टाकायची तर त्याला अस्तराचं विचारा. जो अस्तराशिवाय परकर-पोलकं किंवा पडदे शिवायला तयार होतो, त्याच्याकडे देऊ नका. जुन्या रेशमात ताण सहन करायची ताकद उरलेली नसते, तो ताण अस्तराने घ्यायचा असतो. एका साडीत सात फुटांचे दोन पडदे बसतात आणि सव्वा मीटर उरतं. चार फुटांच्या खिडकीला दोन पन्हे मिळून छान चुण्या पडतात. पण पश्चिमेच्या खिडकीला रेशीम लावू नये. उन्हात ते दोन-तीन उन्हाळ्यांत चिरफाळतं, अस्तर असलं तरी. उशांचे अभ्रे आणि पिशव्या हे त्यातल्या त्यात निर्धोक उपयोग, आणि त्यांनाही मागून चिकटवायचं कॅनव्हास नको, शिवलेलं मलमल लावा. गरम इस्त्रीने चिकटवलेला थर जुन्या रेशमाला कडक करतो आणि मग ते घडीवर मोडतं.

पैठणीचा काठ-पदर शाबूत असून मधलं अंग गेलं असेल तर तो नव्या कापडावर चढवून देणारे कारागीर मिळतात. काम चांगलं की वाईट हे कापण्यातच कळतं. पदराच्या कडेने इंचभर कापड सोडून, आधी शिलाई मारून मगच कात्री लावायला हवी. आधी कात्री लावली तर बाणा सुटतो आणि पदरावरचे मोर शेपटीकडून उसवायला लागतात. छोट्या चिरेसाठी मात्र एवढा खटाटोप नको, रफूगर पुरतो.

‘जुन्या जरीच्या साड्या विकत घेऊ’ अशी पाटी घेऊन फिरणारे किंवा दुकान मांडून बसणारे, यांच्याबद्दल आमचं मत फारसं चांगलं नाही. त्यांना साडी नको असते, चांदी हवी असते. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते आणि वर सोन्याचा मुलामा. साडी जाळून चांदी गाळली जाते. व्यवहार बहुतेकदा अंदाजाने होतो, आणि अंदाज कोणाच्या बाजूचा असतो ते सांगायला नको. तिथे जाण्याआधी पदराचा एक जरीचा धागा घरीच उलगडून बघा. आत लाल किंवा पिवळं रेशीम आणि वर धातूची पट्टी दिसली तर आशेला जागा आहे. तार खरवडल्यावर तांबूस दिसली तर ती तांब्याची. आणि ज्योतीजवळ नेताच आक्रसली तर ते चकाकतं प्लास्टिक, त्याचा भाव शून्य. खरी जर निघालीच तर सराफाकडून चांदीची परीक्षा करून घ्यावी आणि वजन फक्त जरीच्या भागाचं बोलावं, अख्ख्या साडीचं नाही. ज्या साडीचं अंग धड आहे ती जाळायला देणं हा मात्र शुद्ध करंटेपणा. चांदीचे पैसे महिन्यात खर्च होतात.

देणगी म्हणून कपडे घेणाऱ्यांत गूंज ही संस्था कापडाचा विचार सगळ्यात नीट करते. अंशू गुप्ता यांनी ती १९९९ मध्ये सुरू केली, आणि २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावातल्या लोकांनी विहीर, बांध, रस्ता असं आपल्याच गावाचं काम करायचं आणि त्याबद्दल कपडे-सामानाचा संच मिळवायचा, अशी तिथली पद्धत आहे, त्यामुळे घेणाऱ्याला हात पसरावा लागत नाही. न नेसता येण्याजोग्या सुती साड्यांचे धुऊन-कापून पाळीच्या वेळी वापरायचे कापडी पॅड होतात. म्हणून फाटकी सुती साडीही इथे वाया जात नाही, ती फक्त वेगळ्या पिशवीत, धुऊन, वाळवून, ‘सुती, फाटकी’ असं लिहून द्यावी. कपड्यांबरोबर वाहतुकीच्या खर्चाला थोडे पैसे द्यायची विनंती ते करतात. ती रास्त आहे. ट्रक कपड्यांवर चालत नाही.

पुण्यात कचरावेचकांची सहकारी संस्था ‘स्वच्छ’ ठिकठिकाणी व्ही-कलेक्ट नावाची संकलनं ठेवते. कपडे, चपला, मोडकं फर्निचर, बंद पडलेली उपकरणं, सगळं एकाच ठिकाणी देता येतं. कपाटाबरोबर अख्खं घरच उपसलं असेल तर ही सोय सगळ्यात कमी त्रासाची. एकच पथ्य पाळा: ओलं, बुरशी आलेलं किंवा कापराच्या नव्हे तर उंदरांच्या वासाचं काही घालू नका. एक बुरसट गादी पोत्यातल्या सगळ्या साड्या नासवते. दाराशी रोज येणाऱ्या कचरावेचक ताईंना आधी विचारलं तर पुढचं संकलन आपल्या भागात कधी आहे ते कळतं.

उरल्या त्या सिंथेटिक साड्या, जॉर्जेट, नायलॉन, छापील पॉलिस्टर. गोधडीत त्या घसरतात, घाम शोषत नाहीत, आणि थंडीत अंगाला चटचट चिकटतात. त्यांचं खरं गिऱ्हाईक शहराबाहेर आहे. सोलापूर, नाशिक पट्ट्यात डाळिंबाच्या बागांवर उन्हाळ्यात जुन्या साड्या पांघरतात, फळाच्या सालीवर उन्हाचे चट्टे पडू नयेत म्हणून. त्यासाठी जुन्या साड्या किलोवर विकणारे व्यापारी आहेत. शिवाराभोवती रानडुकरं अडवायला साड्या बांधलेल्या तर एसटीच्या खिडकीतूनही दिसतात. गावी कोणाची बाग असेल तर पातळ, हलक्या रंगाच्या नायलॉनच्या साड्या धाडाव्यात. गडद रंगाच्या तापतात, आणि जाड कापड पाऊस पडला की पाणी धरून फांदी वाकवतं. या वापरातलं वाईट हेही सांगायला हवं: उन्हाने हे कापड एक-दोन हंगामांत कुजल्यासारखं होतं आणि त्याचे तुकडे मातीत मिसळतात. फळं उतरल्यावर साड्या धड असतानाच काढून घेतल्या पाहिजेत. चिंध्या झाल्यावर वेचणं अशक्य.

गॅरेजवाले आणि छापखाने पुसायला कापड घेतात, पण सुतीच. पॉलिस्टर तेल पुसत नाही, पसरवतं. फूट-दीड फुटाचे चौकोन कापून, हूक-टिकल्या काढून दिले तर हसत घेतात. चिंध्यांच्या दऱ्या विणणारे हातमागवाले भेटले तर फारच उत्तम, नाहीतर घरी वेणीचं पायपुसणं होतं. एका साडीच्या दोन-दोन इंचांच्या २२ पट्ट्या निघतात. त्यांच्या तिपेडी वेण्या गोल फिरवून शिवल्या की साधारण दोन फूट बाय अडीच फुटांचं पायपुसणं. वेणी घट्ट घालू नये आणि फिरवताना आतल्या बाजूला ओढू नये, नाहीतर ते जमिनीवर सपाट न पसरता टोपलीसारखं वर येतं.

आणि ब्लाउज. ते कोणालाच नको असतात. मापाचे असतात, काखेत घामाने विरलेले असतात, आणि बोहारीणही ते हाताने बाजूला सारते. हूक काढून बरणीत ठेवा. सुती ब्लाउजचा काखेचा भाग कापून टाका. पाठीचा तुकडा साधारण बारा बाय चौदा इंचांचा धड निघतो, त्याला चारी बाजूंनी दुमड घातली की डब्याचा रुमाल होतो. बाह्या चष्मा पुसायला. बाकीचं गाठोडं करून गोधडीवालीला द्या, कोपऱ्यांच्या दुहेरी तुकड्यांना तिला तेवढंच लागतं.